पहिली गोष्ट संपलेली हवी

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, बघायला सुरुवात करायची म्हटली की नव्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा 'वन पीस' पडतं. सुचवणाऱ्याचं प्रेम मला कळतं. एइचिरो ओदा १९९७ पासून ही गोष्ट रचतोय, आणि तिच्या नायकावर, लुफीवर, एकदा जीव जडला की माणूस वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर समुद्रात फिरत राहतो. मीही फिरतेय. तरी पहिली मालिका म्हणून मी ती कुणालाही सुचवत नाही. तिचे अकराशेच्या वर एपिसोड झालेत आणि जहाज अजून मुक्कामाला लागलेलं नाही. नव्या माणसासाठी माझी एकच अट असते: पहिली गोष्ट संपलेली हवी.

यामागे कारण आहे. आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिका टीआरपी आहे तोवर चालतात आणि टीआरपी गेला की आठवडाभरात सगळ्यांची लग्नं लावून, भांडणं मिटवून आटोपत्या घेतात. शेवट हा लेखकाचा उरतच नाही. जपानमध्येही बाजार काही कमी निष्ठुर नाही. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, छापणाऱ्या 'शोनेन जंप'सारख्या साप्ताहिकात दर आठवड्याला वीसेक पानांचं प्रकरण द्यावं लागतं. अंकाबरोबरच्या पोस्टकार्डावर वाचक आपली आवड कळवत आले आहेत. त्या पसंतीत जी गोष्ट तळाला जाते ती लवकरच गुंडाळावी लागते, आणि जी डोक्यावर घेतली जाते ती थांबवणं अवघड होऊन बसतं. या घाण्याला जुंपलेलं असतानाही एखादा माणूस मनातली गोष्ट मनातल्याच शेवटापर्यंत नेतो, तेव्हा काय घडतं ते नव्या प्रेक्षकाला आधी दिसावं असं मला वाटतं. पहिल्या प्रकरणात सहज ठेवलेली वस्तू शेवटच्या प्रकरणात कामाला येते. एका माणसाच्या हाताने, त्याच्या मदतनिसांच्या साथीने, काही हजार पानं काढली गेली आणि ती कुठे जाणार हे त्याला ठाऊक होतं, हे शेवट गाठल्यावरच कळतं.

खरं तर आपल्याकडे अगदी कोरी पाटी असलेली माणसं कमीच आहेत. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा आणि गल्ली ओस पडायची. तो मोगली निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओने १९८९ मध्ये काढलेला होता. हिंदीत त्याच्या शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा होता. पुढच्या पिढीच्या घरात दुपारी शाळेतून आल्यावर डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीतून बोलत राहिले. म्हणजे जपानी चित्रांशी ओळख होऊन तीस वर्षं उलटली, फक्त ती बालपणाशीच जोडलेली राहिली. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाला अ‍ॅनिमे बघ म्हटलं की तो आधी घरातल्या पोरांकडे बोट दाखवतो.

अशा माणसाला मी 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड' सांगते. ६४ एपिसोड, सुरुवात आणि शेवट दोन्ही पक्के. याच नावाची २००३ ची एक आधीची मालिका आहे, ५१ एपिसोडांची. ती आली तेव्हा मूळ मांगा अर्ध्यावर होता, त्यामुळे मालिकेने पुढची वाट स्वतःची काढली. तीही वाईट नाही, उलट काही ठिकाणी जास्त काळोखी आणि जास्त हट्टी आहे. पण २००९ मध्ये सुरू झालेली 'ब्रदरहुड' मूळ गोष्टीला धरून चालली, आणि २०१० च्या उन्हाळ्यात मांगा आणि मालिका जवळजवळ एकत्रच संपल्या. नव्या माणसाने हीच घ्यावी.

एडवर्ड आणि अल्फॉन्स हे दोन भाऊ. आई गेल्यावर तिला परत आणायचा प्रयत्न करतात, किमयेच्या जोरावर. जे मागायचं त्याच्या तोडीचं काही द्यावं लागतं, हा त्या विद्येचा नियम. आई तर येत नाहीच. एडचा पाय जातो आणि अल्फॉन्सचं अख्खं शरीर जातं. भावाचा जीव तरी राहावा म्हणून एड आपला उजवा हात देऊन त्याचा आत्मा एका रिकाम्या चिलखतात बांधतो. इथून पुढे गोष्ट सुरू होते. आत पोकळ असलेलं, मांजराची पिल्लं पोटात लपवणारं ते उंचच्या उंच चिलखत, आणि त्याच्या खांद्याला न पुरणारा, उंचीवरून कुणी बोललं की खवळणारा मोठा भाऊ.

ही गोष्ट लिहिणारी आणि काढणारी हिरोमु अराकावा होक्काइदोतल्या दूधउत्पादक शेतकऱ्याच्या घरातली. चित्रकार म्हणून तोक्योला जायच्या आधी तिने सात वर्षं घरच्या शेतावर काम केलं. स्वतःचं चित्र काढताना ती चष्मा घातलेली गाय काढते. माझ्या मते ही मालिका समजून घ्यायची किल्ली त्या गोठ्यातच आहे. भावांची गुरू इझुमी त्यांना शिकवायच्या आधी एका निर्जन बेटावर महिनाभर सोडून देते, हातात फक्त एक सुरी. किमया वापरायची नाही. पोरं उपाशी राहतात, पावसात भिजतात, मुंग्या तोंडात टाकतात. ससा हाती लागतो तर तो मारवत नाही, आणि कोल्हा तो घेऊन जातो आपल्या पिल्लांसाठी. कुणाच्या तरी पोटात गेल्याशिवाय कुणाचं पोट भरत नाही, हे त्या दोन पोरांना उपासमारीतून कळतं, आणि मग गुरू विद्या द्यायला तयार होते. पुस्तकी तत्त्वज्ञान म्हणून हे कुणीही लिहील. पण ज्या बाईने वासरं वाढवलीत आणि कसायाकडे जातानाही पाहिलीत, तिच्या हातून ते आलं की त्यात लाडिकपणा उरत नाही. पुढे तिने 'सिल्व्हर स्पून' नावाची कृषिविद्यालयातली गोष्ट केली. शहरी मुलगा वराहपालन शिकताना एका पिल्लाला नाव देतो आणि मग त्याचं मांस होणार हे त्याला सोसावं लागतं. शेतीच्या घरातल्या माणसाने तीही जरूर वाचावी.

'ब्रदरहुड'मध्ये इश्वाल नावाच्या प्रांताची कत्तल येते. ती मुलांच्या गोष्टीत सहसा येत नाही तशी येते: हुकूम पाळणारे सैनिक, ज्यांना तो पाळल्याचं पुढे आयुष्यभर झोपू देत नाही, आणि वाचलेला एक माणूस, ज्याच्या सूडाला चूक म्हणताना जीभ अडखळते. अराकावाने यासाठी महायुद्धात लढलेल्या वृद्धांना भेटून त्यांचं ऐकून घेतलं होतं. मांगा २७ खंडांचा आहे. एकही खंड भरतीचा नाही, असं मी छातीठोक सांगते.

पण सगळ्यांना चिलखतं आणि किमया रुचत नाहीत. माझी मावशी सांगलीची, आयुष्यभर नाटकं आणि कीर्तनं ऐकलेली. तिने एकदा विचारलं, "काय गं, एवढं मन लावून बघतेस ती जपानी चित्रं, मला समजेल असं आहे का त्यात काही?" मी म्हटलं, "मावशी, एक माणूस उशीवर बसून नुसता बोलतो, ते बघशील?" ती म्हणाली, "बोलतो चांगलं ना? मग लाव."

ती मालिका 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू'. राकुगो ही जपानची जुनी कथनकला. रंगमंचावर एकटा कलाकार, गुडघे मोडून बसलेला, हातात घडीचा पंखा आणि एक पंचा. उभं राहायचं नाही. पंखा कधी चॉपस्टिक होतो, कधी चिलीम, कधी तलवार. डावीकडे मान वळवली की मालक, उजवीकडे वळवली की नोकर. नारदीय गादीवरचा बुवा पूर्वरंग संपवून आख्यान लावतो तेव्हा तोच राजा, तोच प्रधान, तीच दासी होतो, हे ज्याने पाहिलंय त्याला राकुगो समजावून सांगावं लागत नाही. मावशीला पाच मिनिटांत कळलं.

गोष्टीची सुरुवात तुरुंगातून सुटलेल्या एका माणसापासून होते. तुरुंगात याकुमो नावाच्या थोर कलाकाराचा कार्यक्रम झालेला असतो, त्यात त्याने मृत्युदेवाचं आख्यान ऐकलेलं असतं, आणि बाहेर पडल्या पडल्या तो याकुमोच्या दारात जाऊन शिष्य करा म्हणून बसतो. याकुमोने आजवर एकही शिष्य घेतलेला नाही. आपल्याबरोबर ही कला मरावी असंच त्याच्या मनात आहे. का, ते कळण्यासाठी गोष्ट युद्धाच्या आधीच्या काळात जाते, दोन गुरुबंधूंकडे. एक शिस्तीचा, देखणा, आखडलेला. दुसरा अस्ताव्यस्त, उधार मागून जगणारा, पण तोंड उघडलं की प्रेक्षक त्याचे. घरात तालीम करून करून घसा बसवणाऱ्याला जे येत नाही ते दुसऱ्याला अंगभूत असतं, हे दुःख संगीताच्या, नाटकाच्या घराण्यांत किती जणांनी भोगलं असेल.

पहिल्याच एपिसोडमध्ये तो तुरुंगातून आलेला शिष्य चोराचं एक आख्यान अखेरपर्यंत सादर करतो. कापाकापी नाही. तो सुरुवातीला अडखळतो, कपाळावर घाम, प्रेक्षक ढिम्म. मग एक माणूस हसतो. मग आणखी दोघं. आवाजाची पट्टी सुटत जाते, खांदे सैल होतात, आणि आपण घरात बसून त्या चित्रातल्या माणसासाठी मुठी आवळून बसतो. ही मालिका मी फक्त जपानी आवाजातच बघा असं सांगते. अकिरा इशिदा आणि कोइची यामादेरा यांनी ही आख्यानं खरोखर रंगवलीत, आणि याकुमोचा आवाज तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत इशिदाने असा खाली आणलाय की केस पांढरे व्हायच्या आधी वय कानाला कळतं. एरवी डब-सब वादात मला रस नाही. ज्याला सबटायटल वाचताना डोळ्यांना त्रास होतो त्याने हिंदी किंवा इंग्रजी डब खुशाल लावावा. इथे मात्र आवाज हीच गोष्ट आहे. हारुको कुमोताचा मूळ मांगा दहा खंडांचा, मालिका दोन सीझनची, आणि शेवट असा की मावशीने दुसऱ्या दिवशी फोन करून फक्त याकुमोबद्दलच बोलून घेतलं.

ज्यांना मालिकाच नको, दोन तासांत आटपेल असं हवं, त्यांना सगळे 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' सांगतात. मी सांगत नाही, निदान पहिला म्हणून नाही. इसाओ ताकाहाताचा तो चित्रपट १६ एप्रिल १९८८ ला मियाझाकीच्या 'माय नेबर तोतोरो'बरोबर जोडीने लागला होता. एकाच तिकिटात वनदेवतेच्या पोटावर झोपणारी मुलगी आणि भुकेने सुकत जाणारी मुलगी. त्या दिवशीच्या प्रेक्षकांचं काय झालं असेल कोण जाणे. 'फायरफ्लाइज' थोर आहे, पण तो माणसाला इतका मोडतो की पुढचं काही बघायचं बळ राहत नाही.

त्याऐवजी सुनाओ काताबुचीचा 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड', २०१६ चा. मूळ मांगा फुमियो कोनोचा, जी हिरोशिमाचीच. सुझू नावाची वेंधळी, चित्रं काढण्यात रमणारी मुलगी लग्न होऊन हिरोशिमाहून जवळच्या कुरे बंदरात येते. कुरे म्हणजे नौदलाचा तळ. युद्ध वाढत जातं आणि शिधा कमी कमी होत जातो. पण चित्रपट बराच वेळ स्वयंपाकघरात असतो. ती बांधावरच्या रानभाज्या खुडून आणते, त्या कशात घालायच्या ते शेजारणीकडून शिकते. एकदा तांदूळ पुरवठ्याला यावा म्हणून ती तो आधी भाजते, मग भिजत घालते, मग शिजवते. भात दाणादाणा फुगतो, भांडं भरून दिसतं, घरचे डोळे विस्फारून बघतात, आणि पहिल्या घासाला सगळ्यांचे चेहरे पडतात. हे बघताना हसू येतं. दुष्काळातल्या आज्यांच्या गोष्टी ज्याने ऐकल्यात त्याला पुढचं हसू जरा अडकतं. हिरोशिमा तिथून डोंगराच्या पलीकडे आहे, आणि १९४५ चा ऑगस्ट येणार हे आपल्याला ठाऊक असतं, सुझूला नसतं. पूर्ण चित्रपट त्या फरकावर उभा आहे.

बाकीची नावं मी झटपट सांगून मोकळी होते. रहस्यकथांचं वेड असेल तर 'डेथ नोट', ३७ एपिसोड, दोन बुद्धिमान पोरांची झुंज. मधल्या एका वळणानंतर मला ती उतरलेली वाटते, तरी शेवटापर्यंत बघावी. 'अ‍ॅटॅक ऑन टायटन' २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षं चालून संपली. रक्त बघवत असेल आणि शेवटावर मित्रांशी भांडायची तयारी असेल तर जरूर. 'डीमन स्लेयर'चा मांगा २३ खंडांत आटोपलाय. त्याची तलवारबाजी मोठ्या पडद्यावर बघण्यासारखी आहे, गोष्ट साधी आहे. शाळकरी मुलं संघात खेळत असतील तर व्हॉलीबॉलचं 'हाइक्यू'. वर्गात कुणी कुणाला छळतं याचा विषय घरात निघत असेल तर 'अ सायलेंट व्हॉइस', बहिऱ्या मुलीची आणि तिला छळलेल्या मुलाची गोष्ट, मांगा फक्त सात खंडांचा. पालकांनी एक ध्यानात ठेवावं: जपानमध्ये मासिकंच वयानुसार वेगळी असतात. मुलांची, मुलींची, मोठ्या पुरुषांची, मोठ्या बायकांची. नाओकी उरासावाचा 'मॉन्स्टर' प्रौढांच्या मासिकात आला होता. चित्रं आहेत म्हणून तो दहा वर्षांच्या पोरापुढे लावू नये.

आता मांगा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत मांगाचं वेगळं कपाट दिसू लागलंय. ज्या बाजूला आपलं पुस्तक संपतं तिथून मांगा सुरू होतो, उजवीकडून डावीकडे. पहिली दहा-पंधरा पानं डोळा उलटा पळतो, मग सवय होते. खंड महाग वाटत असतील तर जंपचा प्रकाशक शुएइशाच्या 'मांगा प्लस'वर जंपमधल्या बऱ्याच गोष्टींची पहिली आणि ताजी प्रकरणं फुकट आणि अधिकृत मिळतात. चोरीच्या साइटवरून वाचू नका एवढं कळकळीने सांगते. साप्ताहिक मांगा काढणारी माणसं झोप सोडून काम करतात, त्यांच्या वाटचे चार पैसे तरी त्यांना मिळोत.

मराठी वाचकाने हातात धरावा असा पहिला मांगा मला विचाराल तर ओसामु तेझुकाचा 'बुद्ध'. तेझुका शिकलेला डॉक्टर, पण आयुष्यभर चित्रं काढली. त्याच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'पासून १९६३ मध्ये दर आठवड्याच्या दूरचित्रवाणी अ‍ॅनिमेची घडी बसली. 'बुद्ध' त्याने १९७२ ते १९८३ काढला, इंग्रजीत तो आठ खंडांत मिळतो. सुरुवातीला बर्फात कोसळलेला एक म्हातारा आहे. अस्वल त्याच्यासाठी मासे आणतं, कोल्हा फळं आणतो. सशाला काहीच सापडत नाही, तो म्हाताऱ्याला जाळ करायला सांगतो आणि स्वतः त्यात उडी घेतो. ससजातक आहे हे. आपल्या मातीतली गोष्ट जपानी कुंचल्याने काढलेली बघताना अंगावर काटा येतो.

मग सिद्धार्थ यायच्या आधी बराच वेळ गोष्ट चाप्रा नावाच्या शूद्र पोराची आहे. तो जात लपवून सेनापतीचा मुलगा होतो, आणि त्याची आई दासी आहे हे उघड होण्याची भीती पानापानावर असते. चाप्रा आणि त्याचा अस्पृश्य मित्र तत्ता ही तेझुकाची निर्मिती आहे, कुठल्याही ग्रंथात ती नाहीत. पण बुद्धाची गोष्ट जातीच्या उतरंडीच्या तळापासून सुरू करायची हे त्या जपानी माणसाला सुचलं. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात जे घडलं ते ज्या महाराष्ट्राच्या रक्तात आहे, तिथल्या वाचकाला हे किती जवळचं वाटेल ते वेगळं सांगायला नको. एक सूचना मात्र करते. तेझुका गंभीर प्रसंगात मध्येच आजच्या काळातले विनोद टाकतो, माणसं उघडीवाघडी काढतो, आणि चरित्राशी मोकळीक घेतो. श्रद्धेने वाचायला बसणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं, म्हणजे खंड मिटून ठेवायची वेळ येणार नाही.

राकुगो संपल्यावर मावशीने पुढचं काय म्हणून विचारलं. या वेळी मी तिला 'मार्च कम्स इन लाइक अ लायन' दिलंय. चिका उमिनोचा मांगा अजून चालूच आहे, मालिका ४४ एपिसोडांवर थांबलीय. शोगी हा जपानी बुद्धिबळासारखा खेळ खेळणारा एक एकटा मुलगा, आणि त्याला जेवायला घालणाऱ्या तीन बहिणी. मावशीला गोष्ट अर्धी सोडलेली चालत नाही, हे मला माहीत आहे. पण एक शेवट तिने पाहिलाय. कुणीतरी अजून लिहितंय, त्याची वाट बघण्यातलं सुख आता तिला कळेल. दुसऱ्या सीझनमध्ये मधली बहीण हिना शाळेत एका मैत्रिणीच्या बाजूने उभी राहते आणि त्यासाठी सगळा वर्ग तिच्यावर उलटतो. तिथवर पोचलीस की फोन कर, असं मावशीला सांगून ठेवलंय.